यादीत नसलेली द्राक्षवेल : फ्रिउलीच्या स्कियोपेत्तीनोची कथा

एखादे पीक-वाण नष्ट होते तेव्हा आपण त्याचे कारण बहुधा शेतात शोधतो. कीड आली, रोग आला, पाऊस लांबला, बाजारभाव पडला, ही उत्तरे ओळखीची आहेत आणि ती बहुतेक वेळा खरीही असतात. इटलीतील स्कियोपेत्तीनो या काळ्या द्राक्षाच्या बाबतीत मात्र अखेरचा घाव शेतात बसला नाही. शेतातील सर्व आपत्तींतून या वाणाचे थोडे वेल कसेबसे तगले होते. त्यांच्या नव्या लागवडीची वाट बंद झाली ती सरकारी यादीत त्यांचे नाव नसल्यामुळे. त्या यादीत नाव येईपर्यंत काही माणसांनी हे वेल कसे सांभाळले आणि ते सांभाळल्यामुळे पुढे विज्ञानाच्या हाती काय लागले, हा या लेखाचा विषय आहे.

इटालियन वाइन म्हटली की आपल्याकडील जाणकारांना किआंती किंवा बारोलो ही नावे आठवतात. स्कियोपेत्तीनोचे नाव इटलीतही फ्रिउलीबाहेर फारसे कोणी घेत नाही. फ्रिउली हा इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातील प्रदेश. उत्तरेस आल्प्स पर्वत, दक्षिणेस एड्रियाटिक समुद्र आणि पूर्वेस स्लोव्हेनिया. त्यातील ऊदिने प्रांतात, थेट सरहद्दीवर, प्रेपोत्तो हे लहानसे गाव आहे. गावाच्या कडेने यूद्रियो नदी वाहते. १८६६ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत हीच नदी इटली आणि ऑस्ट्रियाच्या साम्राज्याची सीमा होती. आजही तिच्या वरच्या भागात इटली आणि स्लोव्हेनियाची हद्द तिच्या प्रवाहावरूनच जाते. स्कियोपेत्तीनोचे मूळ घर म्हणजे हे प्रेपोत्तो आणि त्याच्या पंचक्रोशीतील अल्बाना, चाल्ला यांसारख्या वाड्या.

येथील जमीन चुनखडीयुक्त चिकणखडक आणि वाळूखडक यांच्या एकाआड एक थरांची आहे. स्थानिक लोक तिला 'पोंका' म्हणतात. हा खडक ऊन-पावसाने सहज भुगा होतो, त्यामुळे वेलीची मुळे थरांच्या फटींतून खोल जातात. परंतु याच गुणामुळे उतारावर धूपही मोठी होते. म्हणून टेकड्यांवर पायऱ्या-पायऱ्यांचे मळे काढण्याची जुनी रीत येथे आहे. अशा टेकडीवरील मळ्याला फ्रिउलीत 'रोंको' म्हणतात आणि अनेक मळ्यांच्या नावांत हा शब्द आढळतो.

वाणाच्या नावातच त्याचा स्वभाव आहे. इटालियन भाषेत तडतडणे, फुटणे या अर्थाच्या क्रियापदापासून 'स्कियोपेत्तीनो' हा शब्द आला. जाड सालीचा मणी दाताखाली कडकन फुटतो म्हणून हे नाव, असे काही म्हणतात. पूर्वी या द्राक्षाची वाइन किंचित फसफसणारी असे, बुडबुड्यांच्या तडतडीवरून ते पडले, असे दुसरे सांगतात. दोन्ही व्युत्पत्ती गावात तितक्याच विश्वासाने सांगितल्या जातात. सरहद्दीपलीकडे स्लोव्हेनियात याच द्राक्षाला 'पोकाल्त्सा' म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळही फुटणे, तडकणे असेच आहे. भाषा वेगळ्या, राज्ये वेगळी, पण द्राक्ष तोंडात टाकल्यावर दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना एकच गोष्ट जाणवली.

याचे तिसरे नाव 'रिबोल्ला नेरा', म्हणजे काळी रिबोल्ला. या नावाने मात्र घोटाळा होतो. फ्रिउलीत 'रिबोल्ला जाल्ला' म्हणजे पिवळी रिबोल्ला हे पांढऱ्या वाइनचे प्रसिद्ध वाण आहे. नावे जुळली तरी ही दोन्ही वाणे स्वतंत्र आहेत. प्राचीनतेच्या दाव्यांविषयीही हेच भान ठेवावे लागते. १२८२ मध्ये अल्बाना येथील एका विवाहसमारंभात ही वाइन वाढली गेली, असे परंपरेने सांगितले जाते. तेराव्या शतकातील उल्लेखातील नाव आणि आजच्या मळ्यातील वेल एकच आहेत हे निव्वळ नामसाधर्म्यावरून ठरत नाही. वाणाची किंमत सातशे वर्षांच्या दाखल्यावर अवलंबून आहे असेही नाही. एवढे निश्चित म्हणता येते की एकोणिसाव्या शतकात प्रेपोत्तोच्या परिसरात हे द्राक्ष चांगले रुजलेले होते आणि त्याची वाइन मानाची समजली जात होती.

उतरणीची शंभर वर्षे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपभर फायलोक्सेरा पसरली. ही माव्याच्या जातकुळीतील अतिसूक्ष्म कीड मुळांवर जगते आणि युरोपीय द्राक्षवेल तिच्यापुढे टिकत नाही. कीड अमेरिकेतून आली आणि उपायही तेथूनच आला. अमेरिकन रानद्राक्षांच्या खुंटावर युरोपीय वाणांचे कलम करणे, हा तो उपाय. महाराष्ट्रात डॉगरिज खुंटावर द्राक्षाची कलमे करणाऱ्या बागायतदाराला ही कल्पना नवी नाही. आपल्याकडे तिचे कारण प्रामुख्याने क्षारयुक्त जमीन आणि पाण्याची टंचाई हे होते, तर युरोपात मुळांवरील कीड.

कलमाच्या उपायाने द्राक्षशेती वाचली, पण प्रत्येक वाण वाचले असे नाही. संपूर्ण मळा नव्याने उभा करायचा तर शेतकरी एक साधा प्रश्न विचारतो: एवढा खर्च करून कोणत्या वाणाची काडी बांधावी? उत्तर बहुतेक ठिकाणी एकच आले. मर्लो, काबर्ने यांसारखी फ्रेंच वाणे भरवशाचे उत्पन्न देत होती, व्यापाऱ्यांना माहीत होती आणि लवकर पिकत होती. स्कियोपेत्तीनो उशिरा पिकणारे. फ्रिउली हा इटलीतील अधिक पावसाच्या प्रदेशांपैकी एक असल्याने, शरद ऋतूतील पावसाच्या तोंडावर घड वेलीवर ठेवणे म्हणजे जोखीम. शेतकऱ्याने केलेली निवड त्याच्या दृष्टीने योग्यच होती. देशी वाणांच्या ऱ्हासाविषयी लिहिताना शेतकऱ्याला दोष देण्याची जी सवय दिसते ती मला पटत नाही. ज्याच्या घरचा खर्च एका हंगामावर चालतो त्याने पुढील पिढ्यांसाठी जनुकसंपदा पदरमोड करून सांभाळावी, ही अपेक्षा करणे सोपे असते.

त्यानंतर युद्धे आली. १९१५ ते १९१७ या काळात इसोंझो नदीची रणभूमी येथून जवळच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर सीमारेषा नव्याने आखली गेली आणि प्रेपोत्तो हे पुन्हा सरहद्दीवरचे कोपऱ्यातील गाव झाले. तरुण माणसे शहरांकडे आणि परदेशी कामाला गेली. टेकड्यांवरील पायऱ्यांचे मळे रान माजून बुजले. स्कियोपेत्तीनोचे जे वेल उरले ते इतर वाणांत मिसळलेले, जुन्या मळ्यांच्या कडेला, घरच्यापुरती वाइन करणाऱ्या म्हाताऱ्यांच्या ओळींत.

१९७० : यादी बंद झाली

याच स्थितीत १९७० साल उजाडले. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. फ्रिउलीच्या पूर्वेकडील टेकड्यांना नियंत्रित उगमनामाचा, म्हणजे आपल्या भौगोलिक मानांकनाशी काहीसा मिळताजुळता दर्जा मिळाला. त्यात कोणत्या वाणाची वाइन कोणत्या नावाने विकता येईल हे ठरलेले होते. आणि तत्कालीन युरोपीय आर्थिक समुदायाने द्राक्षवाणांच्या वर्गीकरणाचे नियम केले. प्रत्येक प्रांतासाठी वाणांची यादी, त्यात 'शिफारस केलेली' आणि 'परवानगी असलेली' असे वर्ग. यादीत ज्याचे नाव नाही त्या वाणाची वाइनसाठी नवी लागवड करता येणार नाही.

भारतीय वाचकाला हे विचित्र वाटेल. आपल्याकडे शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात कोणते द्राक्ष लावावे यासाठी अशी जिल्हावार परवानगीची यादी नाही. उलट २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने वाण जपण्याचा, वापरण्याचा आणि त्याची देवाणघेवाण करण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे. युरोपच्या नियमांमागेही हेतू वाईट नव्हता. वाइनचे अतिउत्पादन आवरणे आणि निकृष्ट वाणे मागे सारणे, हा उद्देश होता. प्रश्न असा की, ज्या वाणाचे वेलच मूठभर उरले आहेत त्याची बाजू अशा यादीसमोर कोण मांडणार? यादी तयार होते ती प्रचलित लागवडीच्या आधारावर. क्षेत्र नाही म्हणून यादीत नाव नाही आणि यादीत नाव नाही म्हणून क्षेत्र वाढणे शक्य नाही, असे हे चक्र होते. स्कियोपेत्तीनोबरोबर फ्रिउलीची आणखी दोन काळी वाणे, पिन्योलो आणि तात्सेलेंगे, या चक्रात सापडली. तात्सेलेंगे या नावाचा अर्थ 'जीभ कापणारे'. त्याच्या तीव्र आम्लतेवरून ते पडले आहे.

त्याच १९७० मध्ये पाओलो आणि दीना रापुत्सी या दांपत्याने चाल्लाच्या छोट्या खोऱ्यात पडीक झालेली शेती घेतली. पाओलो पूर्वी ओलिवेट्टी कंपनीत काम करीत. वंशपरंपरेने ते द्राक्ष बागायतदार नव्हते. भोवती ओक आणि चेस्टनटची दाट राने, मधोमध थोडे मळे, अशी ती जागा होती. त्यांनी ठरवले की येथे फ्रिउलीची स्वतःची वाणेच लावायची आणि त्या वाणांत मुख्य स्कियोपेत्तीनो असेल.

पण काडी आणायची कोठून? रोपवाटिकेत हे वाण मिळत नव्हते. गावोगावच्या जुन्या मळ्यांत, एकेक वेल ओळखून, शोध सुरू झाला. वेल ओळखणारी माणसेही वृद्ध झाली होती. मिश्र मळ्यात पान, घड आणि मणी पाहून 'हाच तो' असे खात्रीने सांगणारी दृष्टी ही जनुकसंपदेइतकीच दुर्मीळ गोष्ट असते. विस्तारकार्यात आपण तिची नोंद क्वचितच घेतो. प्रेपोत्तोचे तत्कालीन महापौर बेर्नार्दो ब्रूनो यांनी या शोधात साथ दिली. लहान गावचे महापौर म्हणजे आपल्याकडच्या सरपंचासारखे पद. त्यांचा स्वतःचाही द्राक्षशेतीशी संबंध होता. इतके करून हाती लागलेले वेल शंभरही भरले नाहीत. त्यांच्या काड्या घेऊन खुंटांवर कलमे केली गेली आणि चाल्लाच्या उतारावर स्कियोपेत्तीनोचा नवा मळा उभा राहिला. कायद्याच्या दृष्टीने ही लागवड बेकायदा होती.

सोन्याची काडी

या कथेतील पुढची मदत अनपेक्षित ठिकाणाहून आली. पेर्कोतो येथे नोनीनो कुटुंबाचा १८९७ पासून चालत आलेला ऊर्ध्वपातनाचा व्यवसाय होता. वाइन काढल्यानंतर उरणाऱ्या चोथ्यापासून ते 'ग्राप्पा' हे मद्य बनवीत. त्या काळी ग्राप्पा हे गरिबांचे, थंडीत अंग तापवण्याचे पेय समजले जाई. सर्व वाणांचा चोथा एकत्र टाकला जाई. बेनीतो आणि जान्नोला नोनीनो यांनी १९७३ मध्ये पिकोलित या एकाच वाणाच्या चोथ्याची ग्राप्पा वेगळी काढली. पिकोलितमध्ये बहुतेक फुलांची फळधारणाच होत नाही, एका घडात मोजकेच मणी धरतात. त्यामुळे त्याचा चोथाही अत्यल्प. शेतकरी तो वेगळा ठेवायला तयार नव्हते, तेव्हा जान्नोला यांनी घरातील स्त्रियांना गाठून वेगळ्या ठेवलेल्या चोथ्याला जादा भाव दिला. प्रक्रिया-उद्योगात कच्च्या मालाची प्रत सुधारायची असेल तर ज्याच्या हातून माल जातो त्याला पैसे द्यावे लागतात. बाकी प्रबोधनाने होते ते थोडेच.

पिकोलितनंतर त्यांना इतर देशी वाणांचाही चोथा हवा होता. शोध घेताना ध्यानात आले की यांतील काही वाणे लावणेच नियमबाह्य आहे. चोथा हवा तर द्राक्ष हवे आणि द्राक्ष हवे तर आधी परवानगी हवी. त्यांनी २९ नोव्हेंबर १९७५ रोजी एक पुरस्कार जाहीर केला. नाव 'रिसीत दाउर', फ्रिउलीच्या बोलीत 'सोन्याची काडी'. फ्रिउलीच्या लुप्त होत चाललेल्या वाणांची उत्तम लागवड करणाऱ्या बागायतदाराला तो द्यायचा होता. १९७६ मध्ये पहिला पुरस्कार रापुत्सी यांना मिळाला.

यातील खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. शासनाच्या नियमाबाहेर असलेल्या लागवडीचा जाहीर सन्मान झाला, वृत्तपत्रांत नाव आले, आणि दंड करावा की परवानगी द्यावी हा प्रश्न शासनासमोर उघडपणे ठेवला गेला. निवेदने देऊन जे साधले नसते ते एका समारंभाने साधले. तरीही मार्ग लगेच मोकळा झाला नाही. त्याच वर्षी ६ मे रोजी फ्रिउलीत विनाशकारी भूकंप झाला. सुमारे एक हजार माणसे मृत्युमुखी पडली, गावेच्या गावे कोसळली. एखाद्या द्राक्षवाणाची चर्चा अशा वेळी मागे पडणे स्वाभाविक होते, परंतु ती थांबली नाही. १९७७ च्या हंगामात चाल्लाच्या मळ्यातून स्कियोपेत्तीनोची पहिली बाटलीबंद वाइन निघाली. ती लहान ओक पिंपांत मुरवलेली होती. आणि १९७८ मध्ये युरोपीय समुदायाने या वाणाच्या लागवडीस परवानगी दिली. पिन्योलो आणि तात्सेलेंगे यांचाही मार्ग पुढे मोकळा झाला.

नोनीनो पुरस्काराचे पुढे साहित्य-पुरस्कारात रूपांतर झाले आणि जगभरातील नामवंत लेखकांना तो मिळाला. १९९३ मध्ये भारतीय वंशाचे लेखक व्ही. एस. नायपॉल त्याचे मानकरी होते. द्राक्षाच्या काडीसाठी सुरू झालेला पुरस्कार नायपॉलांपर्यंत पोहोचला, हे थोडे गमतीचे आहे. शेतीशी असलेले त्याचे नाते मात्र तुटले नाही. 'रिसीत दाउर' आजही त्याच कुटुंबाकडून दिला जातो. आपल्याकडे जुनी वाणे जपणाऱ्या शेतकऱ्यांना आणि शेतकरी समूहांना वनस्पती वाण संरक्षण प्राधिकरणातर्फे प्लांट जीनोम सेव्हियर पुरस्कार दिले जातात. त्यांची जातकुळी हीच आहे.

मिऱ्यांचा वास आणि लव्हाळ्याची गाठ

स्कियोपेत्तीनोची वाइन मध्यम अंगाची, ताज्या आम्लतेची असते. तिच्यात काळ्या रानबेरींचा आणि व्हायोलेट फुलांचा सुगंध असतो. पण तिची ओळख पटते ती काळ्या मिऱ्यांच्या वासामुळे. पिढ्यान्पिढ्या हे वर्णन केवळ चाखणाऱ्याच्या अनुभवावर आधारलेले होते. 'मिऱ्यांसारखा वास' म्हणजे नेमके काय, हे कोणास सांगता येत नव्हते.

उत्तर २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातून आले. तेथील संशोधकांनी शिराझ द्राक्षातील मिऱ्यांच्या वासामागील रेणू ओळखला: रोटंडोन. हा सेस्क्विटर्पीन गटातील कीटोन आहे. काळ्या मिऱ्यांतही तोच असतो, आणि वाइनच्या तुलनेत हजारो पटींनी अधिक. विशेष म्हणजे या रेणूची ओळख रसायनशास्त्राला १९६७ पासून होती, पण द्राक्षाशी किंवा मिऱ्यांशी तिचा संबंध जोडला गेला नव्हता. तो प्रथम सायपेरस रोटंडस या वनस्पतीच्या गाठींत सापडला आणि तिच्यावरूनच त्याचे नाव पडले. ही वनस्पती म्हणजे आपला लव्हाळा! उसाच्या आणि भाजीपाल्याच्या शेतात खुरपून-खुरपून हात थकले तरी गाठींतून पुन्हा उगवणारे हे तण वाचकांना वेगळे सांगायला नको. मोथा या नावाने त्याच्या गाठी औषधांत आणि सुगंधी चूर्णांतही वापरल्या जातात.

या रेणूचे सामर्थ्य अचाट आहे. लाल वाइनमध्ये प्रतिलिटर अवघे १६ नॅनोग्रॅम असले तरी त्याचा वास जाणवतो. हिशेब मांडला तर एक ग्रॅम रोटंडोन सव्वासहा कोटी लिटर वाइनला, म्हणजे दहा हजार लिटरच्या ६,२५० टँकरना पुरेल.

२०११ मध्ये इटलीतील सान मिकेले आल्लादिजे येथील एडमंड माख संस्थेच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर इटलीतील वाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्कियोपेत्तीनो, पिएमोंतेमधील वेस्पोलीना आणि ऑस्ट्रियात प्रसिद्ध असलेले पांढरे ग्रुनर फेल्टलिनर या वाणांत रोटंडोनचे प्रमाण लक्षणीय आढळले. शिराझखेरीज इतर वाणांतही हा गुण आहे, आणि तो जवळजवळ नष्ट झालेल्या एका वाणात ठळकपणे आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. १९७० मध्ये चाल्लाच्या वेलींत नेमके काय दडले आहे याची कोणालाच कल्पना नव्हती. संवर्धन करणाऱ्याला आपण काय वाचवतो आहोत याचे पूर्ण ज्ञान असतेच असे नाही. गुण कोणता ते पुढे कळते, वाण शिल्लक असेल तर.

या संशोधनातील काही बाबी मळ्यातील कामाशी थेट निगडित आहेत. रोटंडोन जवळजवळ संपूर्णपणे मण्याच्या सालीत असते. मण्यात पाणी उतरू लागल्यापासून पक्वतेपर्यंत ते साठत जाते, म्हणून घाईने काढलेल्या घडांत ते कमी भरते. किण्वनाच्या वेळी द्राक्षातील रोटंडोनचा सुमारे दहावा हिस्साच वाइनमध्ये उतरतो, बाकीचे चोथ्यात राहते. शिवाय थंड हंगामात आणि सावलीतील घडांत ते अधिक तयार होते. उन्हात तापलेल्या घडांत कमी होते. ज्या गोष्टीमुळे हे वाण एकेकाळी मागे पडले, ती म्हणजे त्याचे उशिरा, शरद ऋतूतील थंडाव्यात पिकणे, हीच गोष्ट त्याच्या मिऱ्यांच्या वासाला पोषक आहे.

येथे बागायतदारापुढे खरा पेच उभा राहतो. द्राक्षबागेत घडाभोवतीची पाने काढणे हे रोगनियंत्रणाचे नेहमीचे साधन आहे. हवा खेळते, भुरी आणि घडकूज आटोक्यात राहते, फवारणी आतपर्यंत पोहोचते. पण घड जितका उघडा, तितका तो तापणार आणि मिऱ्यांचा वास तितका उणावणार. पावसाळी शरद ऋतूत पाने राखून ठेवणे जोखमीचे, काढणे गुणवत्तेस मारक. उताराची दिशा, ओळींची दिशा, पाने काढण्याची वेळ आणि बाजू या सर्वांचा मेळ घालून निर्णय घ्यावा लागतो. सकाळचे ऊन लागणाऱ्या बाजूची पाने काढून दुपारच्या उन्हाच्या बाजूची राखणे हा एक मधला मार्ग आहे. हवामान जसजसे उष्ण होत आहे तसतसा हा पेच तीव्र होणार हे उघड आहे. नाशिक परिसरात शिराझ लावणाऱ्यांनाही हा विचार परका नसावा, कारण तेथेही रेणू तोच आहे.

दुसरी चिंता जनुकीय पायाची आहे. आजची स्कियोपेत्तीनोची लागवड मुख्यत्वे काही मोजक्या जुन्या वेलींपासून वाढलेली आहे. द्राक्षाची अभिवृद्धी काडीपासून होते. त्यामुळे मूळ वेलीतील गुणांबरोबर तिच्यातील विषाणूही पुढच्या पिढीत उतरतात. जुन्या वेलींतून काडी घेताना पानमुरड विषाणूची तपासणी आणि शक्य तितक्या वेगवेगळ्या वेलींचे नमुने स्वतंत्र जपणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. केवळ एकच 'सर्वोत्तम' वेल निवडून तिच्या हजारो प्रती काढणे हा सोपा मार्ग असतो आणि वाणातील उरलीसुरली विविधता त्यातच संपते. स्लोव्हेनियाच्या बाजूला पोकाल्त्सा नावाने टिकलेले वेल या दृष्टीने मोलाचे आहेत.

आज प्रेपोत्तोत या वाणाची वाइन करणारे अनेक लहान उत्पादक आहेत. गावाचे नाव लावून ती विकली जाते आणि चाल्लाच्या खोऱ्याला स्वतंत्र उपविभाग म्हणून मान्यता मिळाली आहे. रापुत्सी यांचा मळा त्यांच्या पुढच्या पिढीने चालू ठेवला आहे. एकंदर क्षेत्र आजही थोडेच आहे. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी हौशीने झालेली लागवड धरूनही स्कियोपेत्तीनो हे जगाच्या बाजारातील किरकोळ वाण आहे आणि बहुधा तसेच राहील. उतारावरील हातमजुरी, उशिराची काढणी आणि मर्यादित उत्पादन यांमुळे त्याची वाइन स्वस्त होऊ शकत नाही. स्वस्त वाइनच्या स्पर्धेत ती उतरली तर टिकणारही नाही.

वाणांच्या मूल्यमापनाचे काम करणाऱ्यांनी एक तपशील मात्र अवश्य टिपून ठेवावा. ऑस्ट्रेलियातील चाचण्यांत सुमारे पाचव्या हिश्श्याच्या व्यक्तींना रोटंडोनचा वास अतिउच्च प्रमाणातही येत नव्हता. त्यांच्या नाकाला तो रेणू कळतच नाही. एकच स्कियोपेत्तीनो एकाला मिऱ्यांनी भरलेली वाटते, तर शेजारी बसलेल्याला केवळ रानबेरींची साधी वाइन. तेव्हा सुगंधावरून वाणाची निवड करायची असेल तर परीक्षक दोन-तीन असून भागत नाही. मंडळ मोठे हवे आणि त्यातील कोणाला कोणता वास येत नाही याची चाचणी आधी घेतलेली हवी.